सारांचा फुगा

तंजावुरात मराठी माणसाचं नाव सांगून फारसा उपयोग नसतो. निम्मे राव असतात, आणि उरलेल्यांना लोक आपणहून राव करून टाकतात. म्हणून मी त्यांचं नाव सांगत नाही. दुकानात आम्ही सगळे त्यांना 'सार' म्हणायचो. त्यांच्या घरी गेले की मी 'मामा' म्हणायची, कारण घरात त्यांच्या बायको, मामी, असायच्या आणि त्यांना सार हा शब्द चालत नसे. "सार तिकडे दुकानांत. इकडे ते आडाचें पाणी काढतात," असं त्या म्हणायच्या.

दुकान म्हणजे एका पहिल्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खाली भांड्यांचं दुकान, वर आम्ही. काम गॅस ॲनालायझर दुरुस्तीचं. नळी पुढे करायची, यंत्र हवा आत ओढून घेतं आणि तिच्यात कुठला वायू किती आहे ते आकड्यात दाखवतं, एवढंच ते यंत्र. गाड्यांचा धूर तपासणाऱ्या केंद्रांत ते असतं, भाताच्या गिरणीतल्या बॉयलरवर असतं, केळी पिकवायच्या बंद खोल्यांत असतं, दवाखान्यात तर असतंच. आणि त्या प्रत्येकात अंगठ्याएवढी एक बंद डबी असते, ऑक्सिजनचा सेन्सर. यंत्रातलं बाकी सगळं वर्षानुवर्षं टिकतं, पण ही डबी पाकीट फोडल्या दिवसापासून झिजायला लागते. आतलं शिसं हवा खात खात संपतं, आणि एक दिवस आकडा खाली घसरतो. मग ती बदलायची. सार हे काम माझ्या जन्माच्या आधीपासून करत होते.

मी डिप्लोमाचं प्रमाणपत्र घेऊन पहिल्यांदा त्यांच्यासमोर उभी राहिले तेव्हा त्यांनी ते बघितलंसुद्धा नाही. उंच, काटकुळा माणूस. कपाळावर गंधाची काळी रेघ, खाली ठिपका. पांढऱ्या अर्ध्या बाहीच्या शर्टाच्या खिशात एक पेन, एक बारीक स्क्रूड्रायव्हर आणि लाल-पिवळे फुगे. जत्रेत मिळतात तसले, साधे. त्यांतला एक त्यांनी माझ्या हातात दिला.

"फुगव."

मी फुगवायला लागले.

"तसें नको. आधीं श्वास कोंड. मी तीस ठोके देतों. मग पहिली फुंकर बाहेर सोड, उरलेला श्वास ह्यांत."

स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्यांनी टेबलावर टक्, टक् असे, सेकंदाला एक, तीस ठोके दिले. मी फुगा भरला. त्यांनी त्याचं तोंड यंत्राच्या नळीला लावलं आणि आकडा स्थिर होईपर्यंत स्वतःही श्वास रोखून बसले. मग वही काढून लिहिलं: पंधरा पूर्णांक दोन.

"हा तुझा आकडा," ते म्हणाले. "विसरूं नको. उद्यांपासून ये."

बाहेरच्या मोकळ्या हवेत ऑक्सिजन वीस पूर्णांक नऊ टक्के, मग तंजावूर असो की पापनाशम. ती वरची खूण. खालची खूण तपासायला मापून कमी ऑक्सिजन भरलेला सिलिंडर लागतो, तो चेन्नईहून यायचा आणि कधीच वेळेवर यायचा नाही. म्हणून सारांनी खालची खूण स्वतःच्या छातीत ठेवली होती. रोज सकाळी दुकान उघडलं की देवाला उदबत्ती, मग श्वास कोंडून तीस ठोके, मग फुगा. त्यांचा आकडा पंधराच्या आसपास. त्यात दोन-तीन दशांश इकडेतिकडे झाले तर ते म्हणायचे, "काल उपास होता," किंवा "मामीनें रात्रीं उक्करपेंडी केली होती, दोनदां घेतली." तांदळाच्या पिठाच्या त्या तिखट उपम्याचा श्वासाशी काय संबंध, हे मी एकदाच विचारलं. "संबंध नाही कां? मग पोटांत जागा कशी राहते श्वासाला?" असं उलट त्यांनीच विचारलं.

भांड्यांच्या दुकानातल्या बाईंना बरेच दिवस वाटायचं की ह्यांना पुष्कळ नातवंडं असावीत.

सारांचा एक क्रम होता: आधी पाइप, मग फिल्टर, मग पंप, आणि अगदी शेवटी सेन्सर. गिऱ्हाईक यंत्र टेबलावर ठेवतानाच म्हणायचं, "सेन्सर गेलाय, बदलून टाका." सार ऐकल्यासारखं करायचे आणि नळी बोटांतून फिरवायला लागायचे, वैद्य नाडी बघतो तशी. दहांतल्या सात वेळा नळीला कुठेतरी केसाएवढी चीर सापडायची. तिथून बाहेरची हवा आत शिरली की ऑक्सिजनचा आकडा चढतो आणि लोक सेन्सरला शिव्या देतात.

पापनाशमच्या एका गिरणीमालकाशी ह्यावरून त्यांचं चांगलंच वाजलं. तूस जाळून चालणारा मोठा बॉयलर होता. धुरात ऑक्सिजन जास्त दिसतो म्हणून मालकाने नवा सेन्सर स्वतःच आणवून ठेवला होता. सारांनी जुना तपासला आणि तो जागेवरच राहू दिला.

"मी विकत आणलाय ना? तुम्ही फक्त बसवा," मालक तमिळमध्ये ओरडला.

"जो अजून जिवंत आहे त्याला मी उचलत नाही," सार शांतपणे म्हणाले, आणि शिडी चढून चिमणीशी गेले. भर दुपार, वर पत्रा तापलेला. खाली मालक येरझाऱ्या घालतोय, मी शिडी धरून उभी. अर्ध्या-पाऊण तासाने वरून आवाज आला, "सांपडलें!" नळी जिथे चिमणीत शिरते तिथला सांधा सैल होता. तो आवळल्यावर आकडा आपोआप खाली आला. मालकाने दोन शहाळी फोडायला सांगितली. सार पाणी प्यायले, आणि निघताना त्यांनी त्याचा तो नवा सेन्सर पाकिटासकट त्याच्या हातात दिला. "फोडूं नका. हवा लागली कीं ह्याचें वय मोजायला सुरुवात होते."

त्यांची चिठ्ठ्या ठेवायची सवय तर आमच्या क्षेत्रात प्रसिद्ध होती. यंत्र बंद करण्याआधी ते आत एक कागदाचा तुकडा चिकटवायचे: काय केलं, काय बघायचं. भाषा मराठी, पण अक्षरं तमिळ. आमच्याकडे बहुतेक घरांत असंच लिहितात. देवनागरी येणारे थोडे. मला येते ती लहानपणच्या हिंदीच्या शिकवणीमुळे, आणि ही लिहिण्याची मराठी पुण्याहून आलेल्या वहिनीने नीट केली म्हणून. तमिळमध्ये प, ब, भ सगळ्यांना एकच अक्षर. एकदा चेन्नईच्या कुठल्याशा कंपनीचा इंजिनियर एका दवाखान्यात यंत्र उघडून बसला आणि त्याने घाबरत आमच्या दुकानात फोन केला. आत एक कागद आहे, त्यावर तमिळ अक्षरं आहेत पण भाषा तमिळ नाही.

"वाचून दाखवा," मी म्हटलं.

तो भीत भीत वाचायला लागला. "पंब परा. पैब पाहा." मग हळूच विचारलं, "मॅडम, हा मंत्र आहे का? काढून टाकला तर काही होणार नाही ना?"

पंप बरा, पाइप पाहा. मला हसू आवरेना. सारांनी फोन माझ्या हातून घेतला आणि गंभीरपणे सांगितलं, "काढा, पण आधी पाइप बघा." पाइपच निघाला. तेव्हापासून तो इंजिनियर तंजावूरकडचं यंत्र उघडण्याआधी फोन करायचा.

आता जे सांगायचं आहे ते ह्यानंतर दोन-तीन वर्षांनी घडलं.

पोंगलचे दिवस उलटून उन्हं तापायला लागली होती. एका सकाळी मी दुकानात आले तर सार आमच्या मुख्य यंत्राचं झाकण काढून बसलेले. बाकीची सगळी यंत्रं ज्याच्याशी ताडून बघायची ते हे यंत्र, त्याला दुसऱ्या कुणाला हात लावायची परवानगी नव्हती.

"आकडा चढतो," ते म्हणाले. "आठवडाभर पाहतों. पंधरा, पंधरा आणि चार, साडेपंधरा. आज सोळा."

"पाइप?"

"पाहिला. फिल्टर, पंप, अस्कें पाहिलें. सेन्सरच."

त्यांनी सेन्सर बदलला. नवा सेन्सर दोन तास हवेत ठेवायचा हा त्यांचा नियम, तसा ठेवला. गच्चीवर नेल्यावर वीस पूर्णांक नऊ आला. दुसऱ्या दिवशी सकाळी फुगा लावला, तर सोळा आणि वर एक.

मग त्यांनी फुग्यांवर संशय घेतला. दुकान बदललं, जाड फुगे आणले. मग म्हणाले, ही सेन्सरची पेटीच वाईट निघाली. दुसऱ्या पेटीतला काढला. मग तिसरा. मुदलाळी, म्हणजे आमचे मालक, संध्याकाळी चक्कर टाकायचे. त्यांनी टेबलावर एका ओळीत ठेवलेल्या तीन डब्या बघितल्या आणि माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. जो माणूस परक्याचा सेन्सर उगीच बदलू नये म्हणून पापनाशममध्ये भांडला, तो स्वतःचे एकामागून एक फोडत होता. कुणी काही बोलायला गेलं की, "उगे राहा!" एवढंच. ते कधी कुणावर चिडत नसत. त्या दिवसांत भांड्यांच्या दुकानातल्या हातोडीवरसुद्धा चिडायचे.

एका दुपारी ते जेवायला घरी गेलेले असताना मी मुख्य यंत्र सुरू केलं. परवानगी नव्हती, पण केलं. घड्याळाकडे बघून तीस सेकंद श्वास कोंडला, पहिली फुंकर बाहेर सोडली, फुगा भरला आणि नळीला लावला.

पंधरा पूर्णांक दोन.

पुन्हा केलं. पंधरा पूर्णांक दोन. माझ्या पहिल्या दिवसाचा आकडा.

यंत्र बरं होतं. सेन्सरही बरा होता, पहिलासुद्धा बराच असणार. मी फुगा हातात धरून बसून राहिले आणि पहिल्यांदा मला यंत्राखेरीज दुसऱ्या गोष्टी आठवायला लागल्या. सार हल्ली जिना चढताना मध्येच थांबून खालच्या बाईंशी भांड्यांची चौकशी करायचे. मोपेडवर खोका बांधताना मला म्हणायचे, "तूं बांध, तुला शिकायला हवें." मामी परवाच म्हणाल्या होत्या, "ह्यांना आडाच्या दोन बादल्यांत धाप लागते. सांगितलें तर म्हणतात, दोर लांब झाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर आले. सारांनी उदबत्ती लावली, श्वास कोंडला आणि ठोके द्यायला लागले. मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत होते. टक् टक् टक् टक्. तीस ठोके झाले, त्यांनी फुगा भरला. काटा अठराच सेकंद सरकला होता.

सेन्सरला वाईट म्हणणं सोपं होतं, सारांना चुकलात म्हणणं कुणालाच जमलं नव्हतं.

"सार, यंत्र बरं आहे."

"तुला काय ठाऊक?"

"काल मी माझा आकडा घेतला. दोनदा. पंधरा आणि दोन."

हात कुणी लावायला सांगितला, असं विचारतील वाटलं. विचारलं नाही.

"मग माझा कां चढतो?"

"तुमचे ठोके जलद झालेत. तीस ठोके अठरा सेकंदांत होतात. श्वास आत पुरेसा राहतच नाही, म्हणून ऑक्सिजन जास्त उरतो."

"माझे तीस म्हणजे तीस!" त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेबलावर आपटला. "तीस वर्षें हे ठोके देतों मी. तें घड्याळ मागें पडतें."

मी माझं मनगटी घड्याळ काढून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी ते उचललं, भिंतीवरच्याशी ताडून बघितलं. दोन्ही बरोबर चालत होती. मग खुर्चीत ताठ बसून, डोळे काट्यावर लावून, त्यांनी श्वास कोंडला. ठोके न देता. दहा. पंधरा. सतराव्या सेकंदाला मानेच्या शिरा वर आल्या. एकोणिसाव्याला त्यांनी तोंड उघडलं आणि खोकत टेबलावर वाकले. कपाळावरची काळी रेघ घामाने ओघळली होती.

मी पाणी दिलं. ते प्यायले नाहीत. वही उघडून त्यांनी आजचा आकडा लिहिला, त्याच्यापुढे काहीतरी तमिळ अक्षरांत लिहिलं आणि वही मिटून काखेत घेतली.

"चल," म्हणाले.

"कुठे?"

"दवाखान्यांत. तुझी गाडी काढ. मला आतां मोपेडला किक मारायला सांगूं नको."

जिना उतरताना ते चार वेळा थांबले. पहिल्यांदाच त्यांनी भांड्यांची चौकशी केली नाही.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. सारांनी त्याला त्रास सांगायच्या ऐवजी वही दाखवली. महिनाभराचे आकडे, ओळीगणिक चढत गेलेले. डॉक्टर आधी हसला. मग पान उलटलं, आणखी एक उलटलं, आणि हसायचा थांबला. त्याने सारांना पलंगावर झोपवलं, छातीला तारा लावल्या आणि माझ्याकडे वळून विचारलं, "घरचं कोण आहे? बोलावून घ्या."

मामी रिक्षातून आल्या, केस नीट न विंचरता. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. हृदयाच्या दोन वाहिन्या जवळजवळ बंद झाल्या होत्या आणि छातीत पाणी धरायला लागलं होतं. म्हणून झोपून श्वास येत नव्हता, म्हणून सार रात्री उशी भिंतीला लावून बसून झोपत होते, आणि मामींना सांगत होते की गुरुवारचं पारायण आठवतोय.

"आणखी थोडे दिवस गेले असते तर..." डॉक्टर म्हणाला.

सार पलंगावरून म्हणाले, "डॉक्टर, माझा एक क्रम आहे. आधी पाइप बघा."

डॉक्टरला काही माहीत नव्हतं. तो सहज म्हणाला, "पाइपच आहे, सार."

मामी तोंडाला पदर लावून रडत होत्या, त्या हसायला लागल्या. मलाही दोन्ही एकदमच आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या वाहिन्या मोकळ्या केल्या. तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती आणि ते पलंगाशेजारच्या यंत्राची मागची बाजू बघायला मान वळवत होते. नर्स रागावत होती. मला बघून त्यांनी हाताने जवळ बोलावलं. वाटलं, आता काहीतरी बोलतील, मी जे केलं त्याबद्दल.

"त्या तीन सेन्सरांचें काय केलें?"

"टेबलावरच आहेत."

"बरे होते तिन्ही." त्यांनी डोळे मिटले. "मी त्यांना उगीच काढलें. स्वतःकडे पाहायचें सोडून. जा, चार दिवसांत कुठें कुठें बसवून टाक. वाया घालवूं नको."

मी हो म्हटलं. थोड्या वेळाने ते डोळे न उघडता म्हणाले, "तुला सांगायला भीती वाटली कां?"

"वाटली."

"वाटायलाच पाहिजे. मी बरा माणूस नव्हे तसा." आणि जरा थांबून, "पण सांगितलेंस."

मी तिन्ही सेन्सर बसवले. एक केळ्यांच्या खोलीत, दोन धूर तपासणी केंद्रांत. आत चिठ्ठ्या चिकटवल्या त्या मी तमिळ अक्षरांतच लिहिल्या, नाहीतर चेन्नईचा तो इंजिनियर गोंधळला असता.

सार दीड महिन्याने दुकानात आले. डॉक्टरने खूप गोष्टींना बंदी केली होती: वजन उचलायचं नाही, शिडी चढायची नाही, श्वास कोंडायचा नाही. शेवटचं मामींनी मला स्वतंत्रपणे सांगितलं, लक्ष ठेव म्हणून. सारांनी पहिल्याच दिवशी फुग्यांचं पाकीट माझ्यासमोर सरकवलं आणि वहीत आपल्या आकड्यांखाली एक रेघ ओढून माझं नाव लिहिलं. मग खुर्ची खिडकीशी ओढून बसले आणि दिवसभर मला चुका सांगत राहिले. स्क्रू असा नाही, तसा. नळी दुमडू नको. नव्या सेन्सरवर बोलू नको, त्याला तुझा श्वास लागतो. चुका खऱ्याच होत्या, म्हणून मला राग यायचा.

चार-पाच महिने हे असं चाललं. मग पापनाशमच्या त्याच गिरणीतून बोलावणं आलं. यावेळी सेन्सर खरोखरच संपला होता. मी आदल्या आठवड्यात जाऊन बघून आले होते. सार म्हणाले, मी येतो. मामी नको म्हणाल्या. शेवटी मालकाने गाडी पाठवली, मामींनी डब्यात दहीभात दिला आणि सार मागच्या सीटवर खोक्यावर हात ठेवून बसले, जणू खोका पडेल.

मालकाने त्यांच्यासाठी सावलीत वेताची खुर्ची ठेवली होती. मी शिडी चढले. पत्रा तापलेला होता, तुसाची बारीक धूळ डोळ्यांत जात होती. मी आधी सांधा बघितला, मग नळी, फिल्टर, पंप. मग जुनी डबी काढली, दोन तास आधीच पाकीट फोडून हवेत ठेवलेली नवी बसवली, नळीचं टोक मोकळ्या हवेत धरून आकडा हळूहळू वर येताना बघत राहिले. प्रत्येक पायरीला खालून काहीतरी ऐकू येईल म्हणून कान तिकडे होते. काही आलं नाही. वीस पूर्णांक नऊवर आकडा थांबला तेव्हा मी मोठ्याने ओरडले, "सार, बसला!"

मी पुन्हा हाक मारली.

मी शिडीच्या कडेला येऊन वाकून बघितलं. सार खुर्चीत मान टाकून बसले होते, चष्मा नाकावर घसरलेला, दहीभाताचा डबा मांडीवर. मालक त्यांच्यापासून दोन पावलांवर उभा होता. त्याने माझ्याकडे बघून ओठांवर बोट ठेवलं.

पांढरा शर्ट छातीवर वर येत होता, खाली जात होता. सावकाश, एकसारखा. थोडं घोरणंही ऐकू येत होतं.

मी परत चिमणीकडे वळले आणि झाकणाचे स्क्रू आवळायला घेतले.